धामणखिंडीतली ओवी

धामणखिंडीत पहिल्यांदा आलेला माणूस हटकून दचकतो. दोन्हीकडे काळा कातळ, मधून बैलगाडी जेमतेम निघेल एवढी वाट, आणि बरोबरची एखादी बाई मध्येच थांबून मोठ्याने ओवी म्हणू लागते. ती संपते न संपते तोच खालच्या बोरमाळवाडीतून दुसऱ्या बाईचा आवाज वर चढत येतो. दिसत मात्र कुणीच नाही. करंजवस्तीच्या चर्चमधून कुणी देवाच्या सेवेला निघालं, की सारी मंडळी त्याला पोचवायला इथवर येते, आणि जाणाऱ्याने इथे ओवी म्हणायची असते. निरोप देताना कुणीही ‘भिऊ नको’ असं म्हणत नाही. हा रिवाज कसा पडला, ते शमुवेलमामा मकासरे पाहुण्यांना सांगतात. त्यांनी ते आजीकडून ऐकलं, आजीने तिच्या सासूकडून.

तेव्हा वस्तीतलं चर्च म्हणजे कुडाच्या भिंती आणि वर गवत. तिथे सारजा नावाची तरुण विधवा होती. मिशनच्या शाळेत वाचायला शिकलेली, आवाज गोड, पण काळीज चिमणीचं. भांडं पडलं तरी दचकायची, आणि दचकली की तिची वाचाच बसायची. ओठ हलायचे, शब्द फुटायचा नाही. सासू केरूबाई चारचौघींत म्हणायची, “आमच्या सारजाच्या घरात चोर शिरला, तर त्यालाच वरडून गाव गोळा करावं लागंल.” बायका हसायच्या. सारजाही हसायची. खोटं काय होतं त्यात?

त्या साली बोरमाळवाडीत पटकी आली. हगवण, वांती, आणि दिवस मावळायच्या आत माणूस जायचं. चर्चच्या पाळकबाबांच्या सांगण्यावरून वस्तीने आपल्या तोंडचे तांदूळ काढले, औषधाच्या बाटल्या घेतल्या, सगळं एका हातगाड्यावर लादलं आणि दोन गडी खिंडीतून धाडले. चुकलं ते इथेच. पटकी आली की तिच्या देवीला, मरीआईला, गाड्यात बसवून शेजारच्या गावाच्या शिवेत लोटून द्यायची, असा त्या काळी रिवाज होता. त्यामुळे प्रत्येक गाव आपली शीव राखायचं. बोरमाळवाडीच्या राखणदारांनी गाडा येताना पाहिला आणि गोफणी फिरवल्या. एकाचं डोकं फुटलं, दुसरा गाडा टाकून पळाला. तांदूळ खिंडीत सांडले. त्यानंतर कुणी गडी जायला तयार होईना, आणि त्यांना बोल तरी कसा लावणार?

सारजा रोज प्रार्थनेत म्हणायची, “देवा, कुणाला तरी धाड.” पण म्हणे, ‘कुणाला तरी’ म्हणताना तिची जीभ अडखळू लागली. त्या दोन शब्दांच्या जागी तिचं स्वतःचंच नाव यायचं. तिने प्रार्थना बदलून पाहिली, पावसासाठी केली, आजारी गुरांसाठी केली, फिरून तेच. मग तिने देवाशी वाद घातला. सासूला कोण बघणार? ज्या वाडीत आपल्या सावलीचाही विटाळ मानतात, तिथे आपल्या हातचं पाणी कोण पिणार? आणि जिचा आवाज पालीला बघून जातो, तिला कशाला धाडतोस?  नाव मात्र हललं नाही.

रविवारी ती उभी राहिली आणि मी जाते म्हणाली.  केरूबाईने तिचा पदर धरून तिला खाली बसवायला पाहिलं. पाळकबाबांनी तिला बजावून सांगितलं: गाडा नाही, सोबत नाही, डोक्यावर फक्त गाठोडं. आणि खिंडीच्या तोंडाशी पोचताच मोठ्याने आपलं नाव, गाव, काम सांगायचं. मुकाट्याने आलेल्याला ते धोंडाच घालतील.

ऊन उतरताना ती खिंडीत शिरली. केरूबाई अलीकडच्या तोंडाशी बसून राहिली. सारजा वाटभर आपलं नाव घोकत होती. खिंड संपली, बोरमाळवाडीची छपरं दिसली, आणि तिने तोंड उघडलं तोच गोफणीचा धोंडा कानाजवळच्या कातळावर फुटला.

वाचा बसली.

खालून राखणदाराने दरडावलं, “कोण हाय त्ये? बोल, न्हाईतर टकुरं फुटंल.” तिने ओठ हलवले. काही नाही. मागे वळावं तर पाठीत धोंडा बसणार, पुढे जावं तर छातीत. ती मटकन खाली बसली. चर्चमधली गाणी आठवायला गेली तर एकाचाही शब्द आठवेना. ‘तू धाडलंस, आता तूच बोल,’ एवढं मनात म्हणाली. खाली गोफण पुन्हा फिरू लागली होती. आणि असं सांगतात, की त्या क्षणी तिच्या तोंडून बोलणं नाही, जात्यावरची ओवी निघाली. रोज पहाटे दळताना निघायची तशी, न ठरवता:

“खिंडीच्या गं वाटं माझं पाऊल थांबलं,
देवानं धाडिलं, मन मागंच ऱ्हायलं.”

गोफण थांबली. राखणदार गोंधळला. एवढ्यात खालच्या पहिल्याच छपरातून एक थकलेला, चिरका आवाज उठला. भिवरा नावाची म्हातारी तिथे आजारी सुनेपाशी बसली होती. ओवी अर्धी सोडायची नसते, एवढंच तिला कळत होतं:

“मागं ऱ्हायलं मन, त्याची घाल समजावणी,
उतर खाली बाई, इथं पाजीना कुणी पाणी.”

राखणदार म्हणाला, “आजे, ही त्या वस्तीतली हाय. मरीआई सोडाया आली आसंल.”

“मुडद्या,” भिवरा आतूनच म्हणाली, “मरीआई सोडाया आलेली बाई वव्या गाईल व्हय? येऊ दे तिला.”

सारजा उतरली. विटाळाचं तेव्हा कुणी काढलं नाही; सुनेचे डोळे खोल गेले होते. सारजाने पाणी उकळून घेतलं, मीठ घातलेली पेज चमच्या-चमच्याने पाजली. उजाडता उजाडता सुनेने कूस बदलून पाणी मागितलं, आणि भिवरा चुलीपुढे बसून पोटभर रडली. मग सारजा घरोघर गेली. विहीर बंद करायला तिच्यावर काट्या टाकायला लावल्या, झऱ्याचं पाणी भरायला लावलं. सगळी वाचली नाहीत. पण पुष्कळ उठली. दिवस कलला की ती वाडीच्या वरच्या अंगाला जाऊन एक ओवी म्हणायची. खिंडीपलीकडे बसलेल्या केरूबाईला तेवढंच कळायचं, की पोर अजून जिवंत आहे. मग ती म्हातारी भाकरी खायला घरी जायची.

पटकी सरली आणि सारजा परत आली तेव्हा केरूबाईने तिच्या तोंडावरून, हातांवरून, पाठीवरून हात फिरवून पाहिलं. मग विचारलं, “गेली का गं भीती?”

“न्हाई, आत्याबाई. हाय तिथंच हाय. तिला घरी ठिवून जाता यीना, म्हणून संगं नेली.”

पुढे ती बायबलबाई झाली, बायबल वाचून दाखवत जन्मभर गावोगाव फिरली, आणि जन्मभर पालीला भ्याली. बोरमाळवाडीने आपले देव सोडले नाहीत. त्यांनी तिला मात्र सोडलं नाही. खिंडीत तिची ओवी आली की खालून कुणीतरी उत्तर द्यायचंच.

आजही देतात. मागच्या वर्षी मकासऱ्यांची नात परिचारिकेच्या शिक्षणाला निघाली, तेव्हा सगळी मंडळी खिंडीत उभी होती आणि पोरीच्या घशातून आवाज निघेना. ‘भिऊ नको’ कुणी म्हणायचं नाही, म्हणून सगळे गप्प.  मग खालून, कुणी काही न म्हणताच, बोरमाळवाडीच्या बायकांनी आपणहून ओवी सुरू केली. एक नाही, सात-आठ जणी. पोरगी हसली, डोळे पुसले आणि पिशवी उचलून उताराला लागली.