पाताळवीराची मिरवणूक

एका बंदराच्या गावात हेमाजी नावाचा एक महानायक राहत होता. महानायक म्हणजे काही आकाशात उडणारा नव्हे. हा खाली जाणारा. जिथे सूर्याचा उजेड पोचत नाही, अशा खोल समुद्रात उतरून तो अडकलेल्यांना वर आणायचा. लोक त्याला पाताळवीर म्हणत.

त्याची सगळी ताकद त्याच्या चिलखतात होती. ते त्याने स्वतःच घडवलं होतं. जाड पोलादी पत्रे, आणि प्रत्येक सांध्यात रबराचं एक कडं. खोल पाण्याचा भार डोंगराएवढा असतो. कड्यात धुळीचा कण जरी अडकला, तरी तिथून पाणी आत घुसणार. म्हणून हेमाजी एकेक कडं पुसून, ग्रीस लावून मगच चिलखत पेटीत ठेवायचा. कुणाला हात लावू द्यायचा नाही.

एकदा त्याने बुडालेल्या जहाजातून चार खलाशी जिवंत वर आणले. झालं! गावाने सत्कार ठरवला. सरपंच विश्राम तांडेल घरी आले.

"चिलखत घालूनच यायचं हं! साध्या सदऱ्यात तुम्हाला ओळखणार कोण?"

"सरपंच, ते पाण्यात घालायचं आहे हो," हेमाजी म्हणाला.

"अहो, एक दिवस घातलंत म्हणून काय झिजतंय का?"

हेमाजीला नाही म्हणवेना. खरं सांगायचं तर त्याला आतून गुदगुल्याही होत होत्या. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते काय उगाच? मिरवणूक निघाली. ढोल वाजले. सरपंचांनी ओंजळी भरभरून गुलाल उधळला. एका उत्साही गृहस्थाने तर चक्क शिरस्त्राणावर नारळ फोडला! मग काय, चटकच लागली. आज दुकानाचं उद्घाटन, उद्या कुणाची वरात, हेमाजी आपला चिलखत घालून हजर. घरी येईपर्यंत तो दमून जायचा. वरवर फडकं मारून चिलखत पेटीत टाकायचा. सांधे उघडून बघायचं रोज उद्यावर जायचं.

सरपंचांची मुलगी जयवंती समुद्राच्या तळाचा अभ्यास करायची. एके दुपारी तिची छोटी पाणबुडी तळाशी पडलेल्या एका साखळदंडात अडकली. आत ती एकटीच होती. हवा संध्याकाळपर्यंतच पुरणार होती. सरपंच धापा टाकत हेमाजीकडे आले. "लेक खाली अडकलीय!" एवढंच ते म्हणाले.

हेमाजीने चिलखत चढवलं आणि उडी घेतली. खाली, आणखी खाली. दिव्याच्या उजेडात पाणबुडीची खिडकी दिसू लागली. इतक्यात गुडघ्यापाशी गार लागलं. मग मानेपाशी. पाणी आत येत होतं. तसाच पुढे गेला असता, तर दोघंही तळालाच राहिली असती. तो माघारी फिरला.

वर येताच त्याने सांगून टाकलं, "सांध्यांत गुलाल भरलाय. चूक माझी आहे. आता धुवायला हात लावा!"

सगळ्यांच्या आधी सरपंचांनीच ब्रश उचलला. सांध्यासांध्यातून लाल चिखल निघत होता. दिवस कलत होता. हेमाजीने एकेक कडं पुसलं, ग्रीस लावलं आणि पुन्हा उडी घेतली.

या वेळी एक थेंबही आत आला नाही. त्याने साखळदंड तोडला आणि पाणबुडी वर आणली. झाकण उघडलं तेव्हा जयवंतीचे ओठ निळे पडले होते, पण श्वास चालू होता. सरपंचांनी लेकीला छातीशी धरलं आणि ते ढसाढसा रडले. किनाऱ्यावर पाताळवीराचा जयजयकार सुरू झाला.

थोड्या वेळाने जयवंतीने डोळे उघडले. तिने हेमाजीकडे पाहिलं.

"दादा, मघाशी एक दिवा अगदी माझ्या खिडकीजवळ आला होता. मी हात हलवला. पण तो परत वर निघून गेला. मग मी बाबांना मनातल्या मनात नमस्कार केला आणि डोळे मिटून घेतले. कोण होतं ते?"

जयजयकार थांबला. सरपंचांनी मान खाली घातली.

"मीच होतो," हेमाजी म्हणाला.

तात्पर्य: ज्या वस्तूवर दुसऱ्याचा जीव टांगलेला असतो, ती मिरवायची नसते, जपायची असते.