वाळवणाची राखण

"आणि काठी?"

सगळ्यांत आधी मला हेच खटकलं. वाळवण राखायला ज्याला बसवतात, त्याच्या हातात काठी देतात. मठातल्या गोदाक्कांनी मला नुसतंच बसवलं.

"काठी कशाला?"

"अहो, पाखरं येतील, शेळ्या येतील..."

"येतील की. तू आहेस ना?"

एवढं बोलून आक्का मठामागच्या गवारीच्या वाफ्यात उतरल्या.

माझ्यासमोर दोन बाजा. एकीवर आंबोशीसाठी मीठ लावलेल्या कैरीच्या फोडी, दुसरीवर ताकातून काढलेल्या सांडगी मिरच्या. उन्हाळा सरत आला होता, बाग खुडून होत आली होती. पावसाळाभर मठात तोंडी लावायला हेच.

आणि माझं राहणं-जाणंही ह्याच्यावरच.

आदल्या दिवशी मी आक्कांच्या पाया पडून म्हटलं होतं, "मला इथंच राहायचंय. मन ठिकाणावर राहत नाही माझं. कुणी दार वाजवलं तरी छातीत धस्स होतं. घरी सगळे हसतात." रडलेसुद्धा. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "उद्या वाळवण राख. सांजेला धड आत आलं तर राहा. नाहीतर सकाळची एसटी आहेच."

मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालेली मी. दोन बाजा राखायच्या, त्यात काय मोठंसं?

सागाचं एक वाळकं पान पडलं. मी ताडकन उठले.

"आक्का!"

नुसतं पानच होतं...

घारीची सावली मिरच्यांवरून सरकत गेली.

"आक्का, घार!"

त्यांचा हात शेंगा खुडतच होता. बरं, ऐकू येत नसेल म्हणावं, तर कुंपणापलीकडून शेजारची हौसाबाई हळूच म्हणाली, "आक्का, गवार निघाली का?" आणि लगेच इकडून, "निघाली गं. ये, घेऊन जा."

म्हणजे कान शाबूत होते!

मग खार आली. मी चप्पल फेकली. खार पळाली, चप्पल मिरच्यांत पडली.

"आक्का, मिरच्यांत चप्पल पडली! आता काय करू?"

वाफ्यातून शेंग तुटल्याचा तेवढा बारीक आवाज.

मी चप्पल उचलत होते, तेवढ्यात मागून कुणीतरी माझी ओढणी ओढली. मी किंचाळले. हौसाबाईची शेळी! ती दचकून एकीकडे, मी दुसरीकडे, आणि ओढणी बाजेच्या पायात अडकलेली. बाज कलली. अर्ध्या फोडी मातीत.

"आक्का, शेळी! आक्का, बाज पडली! अहो आक्का!"

हौसाबाई पदरात गवार घेऊन कुंपणाशी उभी होती. "अगं बाई, माझी चंपी आहे ती. गरीब आहे. तू तिला भिववतेस का स्वतःला?"

"तुमची चंपी तुम्ही बांधून ठेवा ना!"

"दावं तोडते गं. काय करू, तुझ्यासारखीच आहे."

ती हसत गेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगायचं तर रागाचंच.

"काय हो आक्का!" मी वाफ्याकडे तोंड करून ओरडले. "लोक सांगतात, गोदाक्कांकडं जा, मन निवतं. इथं तर हाकेला ओ मिळत नाही! काठी नाही, सावली नाही, एक शब्द नाही! मी काय बुजगावणं आहे?"

गवारीची पानं हलली. वाऱ्यानं असतील.

आता ओरडायलाही काही उरलं नव्हतं. मी खाली बसले. मातीतली एक फोड उचलली, ओढणीनं पुसली, बाजेवर ठेवली. मग दुसरी. मिठामुळं माती चिकटून बसली होती. नखानं खरवडून काढावी लागत होती.

चंपी परत आली. जवळ उभी राहून माझ्याकडे बघत राहिली. एक फोड तिनं उचलली...

खा बाई.

मी पुढची पुसायला घेतली.

कावळा आला असावा. बाजेच्या दांडीवर काहीतरी बसल्याचं कळलं. मान वर करायला हवी होती, पण हातातल्या फोडीच्या कडेला अजून थोडी माती होती.

दिवस मावळल्याचं मला कळलं ते फोडी दिसेनाशा व्हायला लागल्या तेव्हा. बाजेवर बऱ्याचशा परत आल्या होत्या. सगळ्या नाहीत. धड तर मुळीच नाहीत.

सकाळची एसटी.

पिशवी भरायला उठावं म्हटलं. उठले नाही. रडूही येईना. तोंडातून आपोआप आलं, मोठ्यानं नाही, पुढं काही जोडायचंही नव्हतं...

"आक्का..."

"ओ," अगदी पाठीशी आवाज आला. "दिवसभर घारीला नि शेळीलाच हाका मारत होतीस, ही एक हाक माझ्यापाशी पोचली. चल, मिरच्या रात्रभर ताकात टाकायच्यात. सकाळी त्या तुलाच राखायच्यात पुन्हा."