मंजूर मजकूर

फार पूर्वी एका रानात साळुंकी रोज सकाळी वडावरून बातम्या सांगायची. मनात येईल ते बोलायची, नकला करायची. मग रानाचा कारभार पाहणाऱ्या बगळेसाहेबांनी नियम काढला: आदल्या दिवशी मंजूर झालेला मजकूरच वाचावा.

एकदा "रानात सर्वत्र शांतता आहे," असं वाचताना तिला गवतात बिबट्या दिसला. "सशांनो, पळा," ती ओरडली. ससे वाचले.

"मजकुरात बिबट्या नव्हता," बगळेसाहेब म्हणाले. "उद्या हा माफीनामा वाच, नाहीतर वड सोड. एक अक्षरही बदलायचं नाही."

"नाही बदलणार, साहेब."

सकाळी तिने वाचलं, "माझी चूक झाली. पुन्हा होणार नाही." आवाज मात्र हुबेहूब बगळेसाहेबांचा, खाकरण्यासकट.

खालून म्हातारा ससा म्हणाला, "असू द्या, साहेब. निदान कबूल तरी केलंत."