झऱ्यावरचा पंचनामा

"म्हणजे इथे एकही चतुर उरलेला नाही, हे तुम्हाला मान्य आहे ना?"

डॉ. विश्राम खानोलकरांनी चिखलात उभ्या उभ्याच कागद पुढे केला. कीटकांतले मोठे जाणकार, आणि हे त्यांना स्वतःलाही पुरेपूर माहीत होतं. डोंगरउतारावरच्या या पाणथळीत ते तीन वर्षं हिरव्या डोळ्यांच्या एका चतुराला, त्या चार पंखांच्या किड्याला, शोधत होते. तो दिसला नव्हता. तसा अहवाल गेला की इथला झरा बुजवून वरून रस्ता जाणार होता. पंच म्हणून गावातल्या एकाची सही तेवढी हवी होती.

दाऊदबाबा फकीर काठावरच्या दगडावर अनवाणी बसले होते. बावीस वर्षांत ते त्या दगडापुढे चिखलात कधी उतरले नव्हते.

"शोधलंस कुठे?"

"इथेच, रोज मध्यभागी उभा राहून. हवेतलं काही माझ्या नजरेतून सुटत नाही."

"हवेत तो किती दिवस असतो?"

"महिनाभर. त्याआधी चार-पाच वर्षं पिल्लू पाण्यात... पण उन्हाळ्यात हे सगळं आटतं, बाबा. पिल्लू जगेल कुठे?"

बाबांनी त्यांच्या बुटांकडे पाहिलं.

भर दुपारी एकही पाखरू ओरडत नव्हतं. खानोलकरांना उगाचच भीती वाटली.

"करतो सही," बाबा म्हणाले. "आधी बूट काढ. एकच पुरे."

खानोलकर हसले. एका पायावर तोल सावरत त्यांनी बूट काढला.

"उलटा कर."

तळाला बोटभर चिखल होता. त्यात खेकड्याची तुटकी नांगी होती.

मग चिखल हलला.

चिखलाच्याच रंगाचं काहीतरी. सहा पाय. दोन मोठे डोळे त्यांच्याकडेच लागले होते.

"चतुराचं पिल्लू? खेकड्याच्या बिळात?" खानोलकर बुटावर वाकले. "पण खेकडा तर त्याला खातो."

"खातो की. पण उन्हाळ्यात पाणी तिथेच असतं."

खानोलकरांनी खाली पाहिलं. चिखलभर बिळं होती. फक्त त्यांच्या बुटांचे ठसे जिथून आले होते, तिथे एकही नव्हतं. उरलेल्या बिळांच्या तोंडाशी डोळे होते. कितीतरी. सगळे स्थिर.

कागद त्यांनी चुरगळून खिशात कोंबला. त्यांना फार शरम वाटली. एक पाय अजून अधांतरीच होता, आणि टेकलेल्या बुटाखाली काहीतरी हळूच वळवळलं.

"बाबा... आता पाऊल कुठे टाकू?"



"हे आत येताना विचारायचं असतं."