हातावरचं दही

“वाणी बाटली तर प्रायश्चित्त काय घ्यावं, बुवा?”

नृहरीनं हे विचारलं तेव्हा त्याच्या दोन्ही कानांत कापूस होता.

रेवणबुवांचा मठ नदीच्या अलीकडे. पलीकडचं गाव सगळं कानडी. नृहरी दोन वर्षांपूर्वी लांबच्या शहरातून इथे पोथी शिकायला आला, तो आपल्या शुद्ध वाणीचा तोरा मिरवतच. आणि काल वाचता वाचता त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला. ओळीच्या शेवटी तो हेल काढत होता. पलीकडच्या बाया घाटावर काढतात, अगदी तसाच. तो सूर पुन्हा कानी पडू नये म्हणून त्यानं कापूस घातला होता.

तीन दिवसांनी शेजारच्या गावी, भरल्या सभेत, वडिलांपुढे पोथी वाचायची होती. वडील शास्त्री. एका उच्चारापायी त्यांनी थोरल्या मुलाला सभेतून उठवलं होतं. त्या भावानं पुन्हा पोथी हातात घेतली नाही.

“मलाही उठवतील,” नृहरी म्हणाला. “सगळ्यांसमोर...”

मठातलं विरजण संपलं होतं. बुवांनी वाटी देऊन त्याला नावेनं पलीकडच्या गावातल्या निंगव्वाकडे धाडलं. ज्याचं विरजण संपेल त्यानं समोरच्या काठावरून आणायचं, अशी तिथली जुनी रीत.

निंगव्वानं विरजण दिलं आणि तोडक्यामोडक्या मराठीत आपलं दुखणंही सांगितलं. तिच्या कानडीला मठाकडचा सूर लागलाय म्हणून माहेरचे तिला हसत. भाचीच्या लग्नात तोंड उघडायची तिला धास्ती वाटत होती. कापूस काढून नृहरीला ते ऐकावं लागलं.

बुवांनी दोन गाडग्यांत दूध ओतलं. एकात विरजण घातलं, दुसऱ्याचं तोंड फडक्यानं गच्च बांधलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नृहरी सभेला निघाला. कानांत पुन्हा कापूस. निघताना हातावर दही घालायचं म्हणून बुवांनी पहिलं गाडगं उघडलं. दही छान लागलं होतं, पण नृहरी ते हातावर तसंच धरून उभा राहिला.

“बुवा... खरंच उठवलं तर?”

बुवांनी दुसऱ्या गाडग्याचं फडकं सोडलं. असा उग्र वास सुटला की नृहरी नाक धरून मागे सरला.

“हे काय झालं याला?”

बुवांनी त्याच्या एका कानातला कापूस अलगद काढला.

“याला मी कशाचाही स्पर्श होऊ दिला नाही.”