उडत्या लेकरांच्या राज्यातला भात

एका राज्यात भाताला वास येत नव्हता. चुली पेटत होत्या, आधणं उकळत होती, लवंगा तुपात फुलत होत्या. पण नाकाला काही म्हणून कळत नव्हतं. वास नाही म्हणून भूक नाही. मोठी माणसं डोळे मिटून घास गिळत. लेकरं तोंड फिरवत. जेवेनात म्हणून हलकी झाली, आणि हलकी झाली म्हणून उडू लागली. त्या राज्यात आया लेकरांना पदराला बांधून पाणवठ्यावर जात. ज्यांच्या गाठी सैल पडल्या त्यांची लेकरं ढगांच्या कडेला दिसत, आणि आया खालून हाका मारत.

हे सगळं एका पानावरून झालं होतं. मेघसेन राजाच्या घरी मेजवानी होती. उग्रधूम नावाचा मांत्रिक तीन रानं तुडवून आला आणि पंगतीला बसला. वाढपी घाईत, स्वयंपाकी घाईत. झाकण लवकर काढलं, भात तसाच वाढला. मांत्रिकाच्या दाताखाली कणी आली. तो पानावरून उठला.

"भुकेल्याच्या पानात कच्चा भात!" तो म्हणाला. "राजा, तुझ्या राज्यातला वास मी कोंडून ठेवतो."

राजवाड्याच्या कोठीत जुन्या तांदळाचा रांजण होता. त्यात त्याने वास कोंडला. या तांदळाचा भात मला नीट शिजवून वाढाल तेव्हा वास सुटेल, म्हणाला, पण तीन अटींवर. शीत मोडू नये. आधण ओतल्यावर पळी घालू नये. आणि भात होईपर्यंत झाकण उघडू नये. चुकेल तो भिंतीवर लटकेल.

राजाचे तीन स्वयंपाकी चुकले. एकाचा झारा झाला, एकाचं उलथनं झालं, एकाची पळी झाली. तिघेही चुलीमागच्या भिंतीवर लटकत होते आणि दिवसभर कुरकुरत होते.

त्याच राज्यात भिवरा नावाची एक बाई होती. तिला अडीच वर्षांची मुलगी, ठकू. भिवराला सगळ्याची काळजी. भात चुलीवर ठेवला की तिला राहवत नसे. झाकण काढी, ढवळी, पुन्हा झाकी. तिच्या भाताचा रोज गिचका. पाळण्याचंही तेच. पोर झोपली का बघायला डोकावे, आणि पोर जागी होई. सासू म्हणे, "अगं भिवरे, झाकणाला नि पोरीला घटकाभर निवांत राहू दे की!"

एके सकाळी भिवराने पाहिलं, ठकू आढ्याला टेकली होती. खाली ओढली तर हाताला कापसाएवढंही वजन लागलं नाही. ती तशीच उठली. लेक पदराला बांधली आणि राजवाड्यात गेली.

राजा म्हणाला, "बाई, तुझा भात चांगला होतो का?"

"नाही महाराज. गिचका होतो."

"मग कशाला आलीस?"

"पोर आज पदराला बांधता येते. उद्या येणार नाही."

राजाने मान खाली घातली आणि कोठीची किल्ली दिली.

कोठीचं दार उघडताच उग्रधूम चुलीपाशी पाटावर येऊन बसला. "सूर्य माथ्यावर येईल तेव्हा मी जेवतो," म्हणाला. "नंतर नाही."

भिवराने पातेल्यात तांदूळ घेतले. तांदूळ इतके जुने की पिवळे पडलेले. पाणी घालून ती चोळणार, तोच खिडकीतून आवाज आला. तिथे एक साळुंकी बसली होती. शंभर वर्षं ती त्या चुलीपाशी सांडलेली शितं वेचून खात होती, म्हणून तिला माणसासारखं बोलता येई.

"तीनदा सांगेन, चौथ्यांदा नाही. चोळू नकोस. लेकीचं डोकं धुतेस तसे धू."

भिवराने बोटांनी नुसते हलवून तीन पाण्यांतून धुतले, भिजवले, निथळत ठेवले. एक दाणा मोडला नाही. मग तूप तापवलं. लवंगा टाकल्या, वेलदोडे टाकले, तमालपत्र टाकलं. वास कशालाच नाही. तांदूळ परतायला भिंतीवरचं उलथनं काढलं.

"हळू!" उलथनं ओरडलं. "माझी कंबर आहे ती!"

"मामा, जरा सोसा," भिवरा म्हणाली. तिने अलगद परतले, दाणे चकाकले, आणि उलथनं पुन्हा खुंटीला गेलं.

राजाच्या माणसाने आधणासाठी सोन्याचं माप पुढे केलं. साळुंकी म्हणाली, "ते माप नव्या तांदळाचं. हा जुना, तहानलेला. वाटीला दोन वाट्या, वर अर्धी."

"दोनच!" झारा खेकसला. "मी चाळीस वर्षं दोनच घातलं."

"म्हणून भिंतीवर आहात," भिवरा म्हणाली, आणि अडीच घातलं. मीठ टाकलं, लिंबू पिळलं. पाण्याला उकळी फुटली, तसं तिने झाकण ठेवलं.

साळुंकी तिसऱ्यांदा बोलली. "खदखद ऐकू आली तर पाणी आहे. चुरचुर ऐकू आली तर लाकडं ओढ. मग भात गप्प होईल. तो गप्प झाला की तूही गप्प बस." आणि उडून गेली.

भिवरा चुलीसमोर बसली. खदखद, खदखद. सूर्य चढत होता. झाकण थडथडलं, कडेने पांढरा फेस आला. तिचा हात आपोआप पुढे गेला. तिने तो मांडीखाली दाबला.

"बघ ना उघडून," मांत्रिक गोड बोलला. "रोज तर बघतेस."

भिवराने कान पातेल्याकडे लावला. खदखद थांबली, चुरचुर सुरू झाली. तिने लाकडं ओढली, निखारे तेवढे ठेवले.

तशी भिंतीवरून आरडाओरड उठली. "लागला! खाली लागला! करपला गं बाई, काढ!" तिघेही खणखणत होते. करपला असेल तर वासानं कळलं असतं. पण वासच नव्हता. भिवराचं कपाळ घामाने भिजलं. दुसरा हातही तिने मांडीखाली घातला.

मग भात गप्प झाला.

त्या शांततेत पातेल्यातून आवाज आला. बारीक, ठकूचा. कित्येक दिवसांत ठकू बोलली नव्हती.

"आये, मी हितं आहे. भाजतंय. झाकण काढ."

भिवराचे दोन्ही हात सुटले. त्याच क्षणी पदराला हिसका बसला. वर बघते तो गाठ सुटत होती. ठकू धुराड्याच्या भोकाशी पोचली होती, वर निळं आभाळ.

"आये, झाकण!" पातेल्यातून पुन्हा हाक आली.

एका हाताने झाकण काढावं तर एका हातात पोर ठरायची नाही. आतला आवाज खोटा म्हणावा तर तो हुबेहूब लेकीचा. भिवरा उठली. वरची पोर गप्प होती, आतली रडत होती. तिने दोन्ही हात वर केले, ठकूचे पाय धरले, खाली ओढली, छातीशी आवळली आणि झाकणाकडे पाठ केली. पातेल्यातून हाका येत राहिल्या. दर हाकेला तिचे खांदे हलत. पण हात रिकामा नव्हता. जी अंगाई ती रोज अर्ध्यात सोडून पाळण्यात डोकावे, ती तिने पहिल्यापासून म्हटली आणि शेवटापर्यंत म्हटली.

अंगाई संपली आणि हाका थांबल्या. पाठीमागून काहीतरी आलं. लवंग. मग तूप. मग जुना तांदूळ.

राजा धावत आला. भिंत गप्प झाली. भिवराने ठकूला कमरेशी घट्ट धरून झाकण काढलं. शितं उभी होती, मोकळी, लांब. उग्रधूमने एक शीत उचलून दोन बोटांत दाबलं. कणी नव्हती.

"पहिला घास माझा," तो म्हणाला. त्या पंगतीपासून तोही जेवला नव्हता.

"थांबा, पोळेल," भिवरा म्हणाली. तिने घास उचलला, दोनदा फुंकला, आणि पोराला द्यावा तसा त्याच्या तोंडाशी नेला.

मांत्रिक कितीतरी वेळ चावत राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "माझ्यासाठी कुणी फुंकलं नव्हतं," म्हणाला.

शाप तिथेच तुटला. भिंतीवरून तीन स्वयंपाकी धपाधप खाली पडले, एक कंबर धरून. राज्यभर दारं उघडली, चुलीचुलीचा वास बाहेर आला, आणि ढगांच्या कडेची लेकरं त्या वासाच्या मागे पिसासारखी खाली उतरू लागली. राजाने त्या दिवशी स्वतः पानं वाढली, आणि दर पानापाशी थांबून विचारलं, "शिजलाय ना?"

ठकूने नाक वर केलं. मग तोंड उघडलं.

"मला."

एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसऱ्याला स्वतःच हात घातला. भिवराच्या हाताला वजन लागलं. मग जास्त लागलं. मग खांदा भरून आला, कंबर दुखू लागली.

"बाई, पोरीला खाली ठेव आता," राजा म्हणाला. "उडायची नाही."

"राहू द्या महाराज," भिवरा म्हणाली. "जड झाली आहे."