पांढऱ्या खुणा, तांबड्या खुणा

एकदा तालुक्याच्या एका गावी एक तरुण प्रशिक्षक मोठ्या पेचात सापडला. तो मुलींना बेसबॉल शिकवीत असे. जिल्ह्याच्या संघासाठी चौदा नावे ठरली होती, पंधरावे काही केल्या ठरेना, आणि यादी तर सायंकाळपर्यंत द्यायची होती. प्रश्न होता मागच्या मैदानातल्या मधल्या जागेचा. दूरवर उंच मारलेला चेंडू तिथल्या मुलीने धावत जाऊन झेलायचा. तो जमिनीवर पडला की समोरचा संघ धावा लुटतो. बघणाऱ्याला ही जागा निवांत वाटते. तिथे उभे राहणाऱ्याला मात्र तसे वाटत नाही.

त्या जागेसाठी दोघी होत्या. मुक्ता पाचपोळ रोज शेजारच्या गावाहून सायकलवर यायची. वयोमर्यादेमुळे तिचे हे शेवटचेच वर्ष होते. रेवती तायडे तिच्याहून एका वर्षाने लहान. प्रशिक्षकाच्या वहीत हंगामभराच्या चुका टिपलेल्या होत्या. मुक्ताच्या नावापुढे रेघांची गर्दी होती, तर रेवतीच्या नावापुढे एकही रेघ नव्हती. ग्लोव्हला लागून चेंडू खाली पडला की चूक, आणि चुकीला मैदानाभोवती दोन फेऱ्या, असा त्याचा नियम होता. या नियमाचा त्याला फार अभिमान होता.

त्याने रेवतीचे नाव लिहिलेही होते. पण मुक्ताचे शेवटचे वर्ष त्याच्या मनाला टोचत राहिले, म्हणून तो आपल्या वृद्ध गुरुजींकडे गेला. त्यांनी जन्मभर शाळेत खेळ शिकवले होते, आणि यालाही त्यांनीच घडवले होते. खरे सांगायचे तर त्याला सल्ला नको होता, होकार हवा होता. आपण बहुतेक जण वडीलधाऱ्यांकडे त्यासाठीच तर जातो.

गुरुजींनी वही पाहिली, मिटली आणि चपला पायात सरकवल्या. मैदानावर आल्यावर त्यांनी शिष्याला दोघींना त्या जागेवर पाळीपाळीने उभे करून वीस-वीस चेंडू मारायला सांगितले, तेही दोघींना सारखेच. मग मैदान आखायची पांढरी फक्की एका डब्यात घेतली, दुसऱ्या डब्यात विटेचा चुरा घेतला आणि ते स्वतः मागच्या मैदानात जाऊन उभे राहिले.

मुक्ताची पाळी सुरू झाली. झेललेल्या चेंडूकडे गुरुजींनी ढुंकूनही पाहिले नाही. चेंडू जमिनीवर पडला की मात्र ते सावकाश चालत जात आणि नेमक्या त्या जागी चिमूटभर फक्की टाकत. रेवतीच्या पाळीला तेच केले, फक्त विटेच्या चुऱ्याने. सत्तरीतला हा माणूस भर उन्हात रांगोळी का घालतो आहे, हे शिष्याला कळेना. त्याने एकदा विचारूनही पाहिले. गुरुजींनी हातानेच ‘मार’ अशी खूण केली.

चाळीस चेंडू झाल्यावर त्यांनी शिष्याला जवळ बोलावले आणि खुणा मोजायला लावल्या. पांढऱ्या खुणा सहा भरल्या. त्यातले चार चेंडू मुक्ताच्या ग्लोव्हमधून निसटलेले, म्हणजे शिष्याच्या हिशेबी चार चुका. तांबड्या खुणा नऊ होत्या. त्यातल्या एकाही चेंडूला रेवतीचा ग्लोव्ह लागला नव्हता, म्हणून चूक एकही नव्हती.



“ग्लोव्हले लागून पडलेला चेंडू साऱ्या गावाले दिसते,” गुरुजी म्हणाले. “ज्याच्यापाशी कोनी पोचलंच नाही, तो गुपचूप गवतात पडते, अन् आपन मारनाऱ्याचं कौतुक करतो. तू चुका मोजल्या. मैदान किती राखलं, ते मोजलं नाही. मुक्ताचे हात कच्चे हायेत, ते शिकवता येतीन. पन ती जिथवर पोचते, तिथवर पोचनं सोपं नाही.”

“मग रेवती कमी पडते म्हणायची?” शिष्याने विचारले.

गुरुजी त्याला एका तांबड्या खुणेपाशी घेऊन गेले. सकाळी पाणी मारल्याने जमीन ओलसर होती आणि तिच्यावर रेवतीच्या बुटांचे ठसे स्पष्ट उमटले होते. लांबून पळत आलेले ते ठसे खुणेच्या दोन पावले अलीकडे थांबले होते, आणि तिथून एक पाऊल मागे गेले होते. दुसऱ्या खुणेपाशीही तसेच होते, तिसऱ्या खुणेपाशीही.

“तिले बोल लावू नको, बापा. ती येत होती,” गुरुजी हलकेच म्हणाले. “हात लावला तर दोन फेऱ्या, नाही लावला तर काहीच नाही. पोर हुशार हाय, समजून गेली. तिचे पाय तू बांधले.”

शिष्याचा चेहरा उतरला. त्याला स्वतःचा नियम आठवला, तो मोठ्या आवाजात सांगतानाचा आपला थाटही आठवला. त्याला मनापासून लाज वाटली.

सायंकाळच्या यादीत पंधरावे नाव मुक्ताचे गेले. रेवतीला ते त्याने स्वतः जाऊन सांगितले, आणि आपले काय चुकले तेही सांगितले. शेवटी तिने एवढेच विचारले, “मंग आता फेऱ्या नाही, सर?” तो नाही म्हणाला. तिचा विश्वास बसला नसावा.

दुसऱ्या दिवशी सरावात एक चेंडू खूप दूर उडाला. रेवती धावली, या वेळी थांबली नाही, तिने अंग झोकून दिले. चेंडू ग्लोव्हला लागला आणि खाली पडला. तिच्या नावावरची ती पहिली चूक. ती उठली, गुडघ्याची माती झटकली आणि सवयीने फेऱ्यांसाठी मैदानाच्या कडेकडे निघाली.

शिष्याने तिला हाक मारून परत जागेवर उभे केले. मग फक्कीचा डबा घेऊन तो मागच्या मैदानात चालत गेला, आणि आजवर जिथे ती कधीच पोचली नव्हती तिथे त्याने एक पांढरी खूण केली.